लातूरहून दुबई, मार्गे शमशाबाद

हल्ली जगातल्या कुठल्याही दोन गावांची नावं मोबाइलला सांगावीत आणि त्याने अंतर सांगून मोकळं व्हावं. लातूर ते दुबई विचारलं की तो म्हणतो, सुमारे २,३०० किलोमीटर, विमानाने तीन तास. नांदेड ते सॅन फ्रान्सिस्को विचारलं की म्हणतो, सुमारे १३,४०० किलोमीटर, सोळाएक तास. सांगताना का नाही की कू नाही. मराठवाड्यातल्या माणसाला इतकं खात्रीचं उत्तर ऐकायची सवय नाही. आमच्याकडे रस्त्यात कुणाला विचारावं, "मामा, अमुक गाव किती लांब हाय?" तर मामा आधी तुमच्या तोंडाकडे बघतात, मग पायांकडे, आणि उलट विचारतात, "कशावर जायलाव?" चालत असाल तर म्हणतात, "हे काय, दिसायलंय की समोर." चारचाकीत असाल तर म्हणतात, "लई लांब हाय बगा, रस्ता उकरून ठेवलाय." ऐकणाऱ्याला हे उत्तर उलटं वाटतं, पण जाणारा कोण, वाहन कुठलं आणि वाट कशी, हे तिन्ही त्यात धरलेलं असतं.

मोबाइलला हा प्रश्न सुचत नाही. लातूरला चिंचोलीच्या बाजूला धावपट्टी आहे, तिला एलटीयू असं तीन अक्षरांचं जागतिक नाव आहे, तेवढ्यावर तो समाधानी असतो. तिथून रोजचं प्रवासी विमान उडत नाही, अधूनमधून एखादं खासगी विमान किंवा पुढाऱ्यांचं आगमन तेवढं होतं, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोन टिंबं दिसली की मध्ये रेघ ओढायची, रेघेला विमानाच्या वेगाने भागायचं आणि आलेला आकडा मालकाला सांगायचा, एवढंच त्याचं काम. मालकाला घरून किती वाजता निघायचं, हा मालकाचा प्रश्न.

माझं घर लातूरचं आणि सासुरवाडी नांदेडची. त्यामुळे एकाच छपराखाली दोन जिल्हे नांदतात. नांदणं बरं चाललंय, पण मराठवाड्याचं दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा २००९ सालचा वाद आमच्या जेवणाच्या ताटांपर्यंत आलेला आहे आणि अजून कुणाच्याच बाजूने सुटलेला नाही. बायकोचा भाचा दुबईला असतो, मुलगी कॅलिफोर्नियात. तेव्हा ह्या घरात अंतर मोजण्याचा उद्योग सतत चालणार, हे ओघानेच आलं. एके दिवशी मला शोध लागला की नांदेडपेक्षा लातूर दुबईला चांगलं चाळीसेक किलोमीटर जवळ आहे. लातूर पश्चिमेला सरकलेलं आहे, त्यामुळे हे होणारच होतं. पण मी ते असं जाहीर केलं की जणू लातूर मी स्वतः खांद्यावर घेऊन तिकडे सरकवलं होतं.

बायको शांतपणे उठली, चष्मा लावला आणि मोबाइलवर दोन-चार बोटं फिरवली. "अमेरिका मात्र आमच्या माहेराला जवळ आहे," ती म्हणाली. "शंभर किलोमीटरने." मी बघितलं. खरंच होतं. दुबईचे चाळीस माझ्या खात्यात, अमेरिकेचे शंभर तिच्या. आयुक्तालयासारखा हाही प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीपर्यंत ढकलला.

पण अमेरिका नांदेडला जवळ का, हे मला काही केल्या पटेना. अमेरिका पश्चिमेला, लातूर नांदेडच्या पश्चिमेला, मग लातूर मागे कसं? शाळेत भिंतीवर टांगलेल्या नकाशाने आपल्या पिढीचं हे नुकसान केलं आहे. पृथ्वीगोल घ्या, नांदेडवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्राकडे बघतदेखील नाही. तो सरळ उत्तरेचा रस्ता धरतो. नेपाळवरून हिमालय ओलांडतो, तिबेट, चीन, सैबेरिया करत उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात शिरतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. म्हणजे नांदेडहून अमेरिकेला निघालेला माणूस खरं तर पुसदच्या बाजूला तोंड करून निघतो. उत्तरेला असलेलं नांदेड म्हणून जवळ. आमच्या आई रोज संध्याकाळी पश्चिमेला हात जोडून नातीची आठवण काढायच्या. त्यांना दिशा बदला म्हणून सांगायचं धैर्य मला झालं नाही. देवाला पत्ता कळत असेलच.

गोलावर ताणलेल्या ह्या दोऱ्याच्या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून जगातली कुठलीही दोन गावं एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत. फार रुसून जायचं म्हटलं तरी माणसाला ह्याहून लांब जाता येत नाही. विमानं खरोखर ह्या वाटेच्या आसपासने उडतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं ते उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आलं, आणि चालवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. कॅप्टन झोया अगरवाल त्यांच्या प्रमुख. विमान तिथल्या ९ तारखेच्या रात्री उडालं आणि इथल्या ११ तारखेच्या पहाटे उतरलं. प्रवास सतरा-अठरा तासांचा, पण पंचांगातली आख्खी १० तारीख मध्येच विरघळली. त्यात कुणाची एकादशी बुडाली असेल तर दोष कुणाचा, हे शास्त्राने ठरवायला हवं.

आणि अंतराच्या ह्या विद्येचं आमच्या जिल्ह्यांशी जुनं नातं आहे. पृथ्वी नेमकी किती गोल आहे, हे ठरवण्यासाठी विल्यम लँब्टन नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे जाणारी एक रेषा मोजायला निघाला. ती साधारण ७८ रेखांशाला धरून चालली होती. बिदरजवळून वर वऱ्हाडाकडे ती गेली, म्हणजे आमच्या देगलूर-भोकरच्या पट्ट्यानेच गेली. अर्ध्या टनाच्या घरातलं कोन मोजायचं यंत्र टेकड्यांवर चढवायचं, झेंडे लावायचे, दिवे लावायचे आणि त्रिकोणामागे त्रिकोण जोडत जायचं, असं हे काम वर्षानुवर्षं चाललं. जानेवारी १८२३ मध्ये लँब्टन हिंगणघाटला वारला. नागपूर गाठायचं राहून गेलं. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि त्या मोजमापातून पृथ्वीच्या आकाराचं जे गणित निघालं ते आपल्या नकाशांना पुढे दीडशेहून जास्त वर्षं पुरलं. आज मोबाइल लातूर ते दुबई एका क्षणात सांगतो, त्याच्या मुळाशी आमच्या उन्हात, आमच्या तापात माणसांनी काढलेली अशी वर्षं आहेत. त्याला मात्र त्याची गंधवार्ता नाही.

एवढं सगळं बरोबर असूनही तो आकडा आमच्या कामाचा नाही. कारण लातूरचा माणूस लातूरहून उडत नाही. तो शमशाबादहून उडतो.

शमशाबाद म्हणजे हैदराबादच्या दक्षिणेचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, मार्च २००८ मध्ये सुरू झालेला. लातूरहून तिथे जायला रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर. नांदेडहूनही थोड्याफार फरकाने तेवढंच. मुंबई त्याहून बरीच लांब. शिवाय मुंबईला उतरायचं कुठे, नातेवाइकाचं घर किती मजल्यावर आणि त्यांच्या घरी पाणी किती वाजता येतं, हे वेगळे प्रश्न. म्हणून आमच्याकडचं निम्मं परदेश हैदराबादच्या दारातून सुरू होतं.

आता हिशेब मांडा. हैदराबाद-दुबई विमान जाताना पावणेचार-चार तास घेतं. ते सुटतं पहाटे चारला. विमानतळावर तीन तास आधी यायचं, म्हणजे रात्री एक. लातूर ते शमशाबाद सहा तास, म्हणजे संध्याकाळी सात. त्यात जहिराबादला चहा, अर्धा तास. पंक्चरचा राखीव एक तास. झालं तर झालं, नाही झालं तर विमानतळाच्या बाकावर बसायला कामी येतो. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर चुकीच्या फाट्याला उतरण्याचा अर्धा तास. वडीलधाऱ्यांनी 'दिवेलागणीला कशाला निघता, उजेडात निघा' म्हणण्याचे दोन तास. अशा रीतीने चार तासांच्या विमानासाठी लातूरचा माणूस आदल्या दुपारी तीनला घर सोडतो. तेरा तास जमिनीवर, चार तास आकाशात. आकाशातल्या चार तासांनाच जग प्रवास म्हणतं.

पोचवायला येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांच्या चौपट असते, हा मराठवाड्याचा अलिखित नियम आहे. जाणारा एक, सोबत वडील, मामा, एक मित्र आणि 'हैदराबादला माझं जरा काम हाय' म्हणून आलेले शेजारी. आत कुणालाच सोडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सहा तासांचा रस्ता तुडवून ही मंडळी काचेच्या बाहेर उभं राहायला येतात. आतला मुलगा रांगेत पुढे सरकतो तसे हेही काचेला धरून बाहेरून सरकत जातात. तो दिसेनासा झाला की मामा म्हणतात, "गेला." मग विमान उडेपर्यंत थांबून सगळे परत सहा तास. तो दुबईत उतरून आंघोळ करून कामाला लागतो, तेव्हा ही मंडळी उमरग्याच्या आसपास कुठेतरी चहा पीत असतात. एकूण प्रवास कुणाचा जास्त झाला, हे मोबाइलला विचारून बघा.

सामानाचा अध्याय ह्याच्या आधीचा. आखातात जायचं तर तीसेक किलो, अमेरिकेला जायचं तर तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा. लातूरला ह्याची चिंता नाही. आमच्याकडे तूर आणि सोयाबीन मोजणारी आडत बाजारासारखी पेठ आहे. एखाद्या ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर बॅग ठेवली की दहा ग्रॅमपर्यंत वजन कळतं. भाच्याची बॅग मी तिथेच मोजून आणली. हमालाने ती उचलून ठेवली आणि विचारलं, "माल काय हाय ह्यात?" माल बराच होता. येसर होता, जवसाची चटणी होती, ज्वारीचं पीठ होतं, बोरसुरीची तूरडाळ होती आणि पानचिंचोलीची चिंच होती. बोरसुरीच्या डाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या घरात पिशव्यांवर गावाचं नाव लिहायची पद्धत पडली आहे. कोथिंबीर तेवढी टिकणार नाही म्हणून राहिली.

नांदेडहून माझ्या सासूबाईंनी अनारसे पाठवले होते, लेकाच्या लेकासाठी. पातळ, जाळीदार, आणि वरून भरघोस खसखस. डबा उघडला आणि बायको मटकन खाली बसली. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हा गुन्हा आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांत धरली जाते, आणि तिथे त्या बाबतीत 'आजीने दिले' हे कारण चालत नाही. सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, खसखशीबिगर अनारसा म्हंजे काय, धपाटा?" पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच खावा मग." आम्ही खाल्ले. दुबईच्या कायद्याचा लातूरला झालेला हा थेट लाभ. अख्ख्या सुक्या खोबऱ्याचंही असंच आहे. त्यात तेल इतकं की विमानाच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. आमच्या काळ्या मसाल्याचे दोन खांब, खोबरं आणि खसखस, दोन्ही असे सीमेवरच अडले. उरलेल्या मसाल्याला भाचा तिकडे 'दुबई येसर' म्हणतो.

नांदेडवाले मात्र हा शमशाबादचा हिशेब ऐकून हसतात. त्यांना विमानतळ आहे आणि त्यावर विमानं उतरतातही. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याला, तीनशे वर्षं झाली, त्या सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडला ज्योतीज्योत समावले; त्यांचंच नाव विमानतळाला आहे. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेची पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. त्या दिवशी माझ्या सासुरवाडीने लातूरकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी विसरलेलो नाही. पुढे ती सेवा थांबली, मग २०२४ पासून दुसऱ्या कंपनीची पाऊणशे आसनांची छोटी जेट विमानं सुरू झाली. विमान येतं, काही महिने राहतं, जातं, पुन्हा येतं. नांदेडकर ते पावसाइतक्या श्रद्धेने बघतात.

पण नांदेडचं खरं मोठेपण जाणाऱ्यांत नाही, येणाऱ्यांत आहे. आम्ही मराठवाड्यातून जगाकडे निघायची वाट शोधत असतो आणि कॅनडात, इंग्लंडमध्ये राहणारी शीख कुटुंबं नांदेडकडे यायची वाट शोधत असतात. त्यांच्यासाठी व्हँकुव्हर ते नांदेड हे अंतर महत्त्वाचं, आणि त्यात नांदेड हे शेवटचं टोक. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर तोडत येते. वाटेत ठिकठिकाणच्या स्थानकांवर सेवेकरी डब्याच्या खिडकीशी लंगर घेऊन उभे असतात. नांदेडच्या स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याला बर्मिंगहॅम आणि ब्रॅम्प्टन ही नावं तरोडा नाका किंवा वजिराबादइतकी सरावाची आहेत. कुणी कुठून आलं ह्याचं त्याला नवल नाही. तो विचारतो, "गुरुद्वारा ना? बसा." एवढ्या लांबच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा त्याच्याच तीन चाकांवर होतो, हे त्याला पुरतं ठाऊक आहे, आणि भाडंही तो त्याच मानाने सांगतो.

वेळेची गंमत आणखी निराळी. दुबईचं घड्याळ आपल्याहून दीड तास मागे. पहाटे चारला निघालेला भाचा तिथल्या सहा-साडेसहाला उतरतो. घड्याळ म्हणतं, अडीच तासांत आलास. येताना घड्याळ ते दीड तास व्याजासकट परत घेतं, पण पाठीशी वारा असतो. उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे हिवाळ्यात फार जोरात असतात, त्यामुळे घरी येणारं विमान जाणाऱ्या विमानापेक्षा लवकर पोचतं. घरी यायची घाई निसर्गालाही कळते, असं बायको म्हणते. मी तिला वाऱ्याच्या झोताचं शास्त्र सांगत नाही. आपलं प्रमाणवेळेचं रेखांश ८२.५, ते आमच्यापासून पूर्वेला बरंच लांब. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी नांदेडच्या डोक्यावर सूर्य यायला आणखी वीसेक मिनिटं असतात, आणि लातूरला त्याहून तीन मिनिटं उशीर. "सूर्यसुद्धा आधी आमच्याकडे येतो," हे वाक्य मी गृहशांतीसाठी ऐकून घेतलेलं आहे. संध्याकाळी तो आमच्याकडे तीन मिनिटं जास्त थांबतो, हे मी मनात म्हणतो.

गोलावर ताणलेल्या दोऱ्याला देश दिसत नाहीत, हा त्याचा आणखी एक भोळेपणा. विमानाला मात्र दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि आपल्याकडून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी विमानांची वाट एका दिवसात लांबली. गावं होती तिथेच राहिली, अंतर वाढलं. हे ऐकून तरुण मुलांना नवल वाटतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना वाटलं नसतं, कारण त्यांनी परदेश बघितला तो विमानाशिवाय.

१९४८ च्या आधी लातूर आणि नांदेड निजामाच्या राज्यात होती आणि बार्शी, सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. निजामाचं पोस्ट वेगळं, तिकीट वेगळं, नाणं वेगळं. निजामाचा तो हाली रुपया आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हालींना साधारण सहा कलदार मिळायचे. सरहद्दीवर जकात घ्यायला करोडगिरीचा नाका. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची छोटी गाडी लातूरपर्यंत आली, ती धापा टाकत बार्शीला पोचली की माणूस दुसऱ्या राज्यात. लातूरहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आज आम्ही तिथे लग्नाची खरेदी करून रात्री जेवायला घरी येतो. तेव्हा बाजाराला गेलेल्या माणसाला खिशातलं नाणं बदलून घ्यावं लागायचं, आज दुबईला उतरल्यावर घ्यावं लागतं तसंच. १९४७-४८ मध्ये तर त्या रेषेच्या अल्याड भय आणि पल्याड आसरा होता. स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या त्या सीमेवर होत्या, आणि घरदार सोडून आलेली माणसं रात्रीतून ती ओलांडत होती. तेव्हाच्या त्या अंतराची तोड आजचं कुठलंही अंतर करू शकणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ती रेषा पुसली गेली आणि सोलापूर एका दिवसात आमच्या शेजारी आलं.

त्यानंतर आमची राजधानीही बदलली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्रात गेलं. आम्ही पोराबाळांना सांगितलं, आता मुंबईकडे बघा. पोरं मुंबईकडे बघत मोठी झाली, लातूरला बारावी केली, नांदेडला इंजिनिअरिंग केलं, आणि परदेशी निघाली ती पुन्हा हैदराबादवरून. इतिहासाने तोडलेला रस्ता विमानतळाने जोडून दिला. शमशाबादच्या रस्त्याला आमचे मामा ड्रायव्हरला दख्खनीत 'जरा धीरे चलाओ मियाँ' म्हणतात, तेव्हा तेही परदेशी निघाल्यासारखे वाटत नाहीत. जुन्या तालुक्याला निघाल्यासारखे वाटतात.

आता शेवटचा आकडा, आणि तो मी दोन्ही गावांसमोर ठेवतो. लातूर आणि नांदेड ह्यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास आहे. जेट विमानाला दहा मिनिटंही लागू नयेत. रेल्वेने जायचं तर आधी लातूर रोड, मग परळी, मग परभणी, मग पूर्णा, मग नांदेड. दोनशे किलोमीटरच्या वर वळसा, आणि गाडी मिळाली तर. ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून मुंबईला वंदे भारत सुटते. ती सहाशे किलोमीटर साडेनऊ तासांत जाते, पण लातूरच्या माणसाला त्या गाडीत बसायला आधी नांदेड नाहीतर परभणी गाठावं लागतं. विद्यापीठाच्या कामाला लातूरच्या पोरांनी नांदेडला जायचं, बाजाराला नांदेडच्या व्यापाऱ्यांनी लातूरला यायचं, आणि दोघांनी एसटीच्या खिडकीतून अहमदपूर, लोहा बघत तीन तास काढायचे. दुबईपर्यंतचे चाळीस किलोमीटर कुणाचे कमी आणि अमेरिकेपर्यंतचे शंभर कुणाचे कमी, ह्यावर आम्ही नवरा-बायकोने खूप वाद घातला. ज्या वाटेने आमच्या दोघांची वरात आली तिला सरळ रूळ नाहीत, ह्यावर कधी घातला नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. आयुक्तालय कुणालाही द्या. नांदेडच्या विमानाला स्थैर्य येवो, लातूरच्या धावपट्टीला विमान मिळो. पण दोन्ही गावांनी एकदा एकत्र बसून अहमदपूर-लोह्यावरून सरळ रेल्वे मागावी, एकाच कागदावर, दोघांच्या सहीने. आणि वाचकहो, तुमच्या घरून कुणी परदेशी निघालं तर विमान किती वाजताचं ते विचारू नका, घरून किती वाजता निघणार ते विचारा, पोचवायला जागा असेल तर गाडीत बसा, आणि डबा दुबईचा असेल तर त्यात खसखस घालू नका.